इंजिन चालू, गाडी उभी

ती लूट आठवली की आधी कानात येतं ते चालू इंजिन.

मी कोकणातला, सातवीतून शाळा सुटलेली, शिपाई म्हणून भरती होऊन अमरावती जिल्ह्यात फौजदारपदापर्यंत पोहोचलेला. कपाशीचे भाव कोसळलेली ती वर्षं. लोक चिडलेले, आणि तपास चुकला तर आपलं कसं होईल ही धास्ती मला रोजचीच.

चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर एका अडत्याची मोटार वळणावर उभी राहिली, आणि मागून मोटारसायकलवर आलेल्या दोघांनी त्याच्याजवळचे लग्नाचे दागिने लुटले. अडत्याचा संशय आपल्याच ड्रायव्हरवर. "यानंच थांबवली! इंजन चालू होतं, म्या माह्या कानानं आयकलं." त्यात खबऱ्या सांगून गेला, की आदल्या दिवशी हा ड्रायव्हर बसस्टँडवर एका अनोळखी माणसाशी बराच वेळ बोलत होता.

ड्रायव्हर पन्नाशीचा, मुसलमान, आजवर नावावर एक साधी तक्रार नाही. अटक झाली असती तर गावात तोंड दाखवणं मुश्कील होतं.

"गाडी का थांबवली?"

"साहेब, मी नाई थांबवली. गेअर टाकेल होता, रेस देऊन राहिलो, पण सरकूनच नाई राहिली. खुदा कसम, इंजनले विचारा!"

हवालदार हसला. "चाचा, इंजनचा जबाब कोण लिहून घेईन?"

"आणि तो अनोळखी माणूस?"

"मिस्त्री होता. वळताना चाकातून टकटक आवाज येते, तेच विचारलं त्याले. तो म्हणे, एक्सलचा जॉइंट कामातून चालला. मालकाले सांगतलं, तर म्हणे चालते तवर चालव."

मिस्त्रीनं दुजोरा दिला. पण तो याचा दोस्त असला तर? क्लच तपासला, ठीक. गिअर ठीक. माझं डोकं चालेना.

शेवटी ओढून आणलेली ती गाडी ठाण्याच्या आवारात उभी केली, चाकांना दगड लावले, हवालदाराला गिअर टाकायला सांगितलं आणि बाजूला आडवा होऊन खाली पाहिलं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा गरगर फिरत होता. चाक जागच्या जागी. टोकाचा सांधाच तुटलेला. त्यावरचं रबर फाटलेलं, ग्रीस चाकाच्या आतल्या अंगाला उडालेलं, सांध्यात काळी माती, आणि फाटलेल्या रबरात अडकलेलं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, धसकट. रबर त्यानंच फाडलेलं, मग माती शिरून सांधा झिजलेला.

"गाडी वावरातून नेता?" मी अडत्याला विचारलं.

"नेतो न. पऱ्हाटी कापली का गाडी आडवी टाकतो, फेरा वाचते." मग जरा थांबून म्हणाला, "टकटक तं मीबी आयकत होतो साहेब. पण त्यानं गाडी उभी रायते, हे कोणाले माहीत?"

पुढे लुटारू सापडले. उभी गाडी दिसली म्हणून आलो, म्हणाले. ड्रायव्हरला ते ओळखतही नव्हते.

एकच उत्तर पुन्हा पुन्हा देणाऱ्या माणसावर मी त्यानंतर आवाज चढवला नाही. तो बोलतो ते आधी वाकून बघितलं. माझ्यासारख्या परक्या, कमी शिकलेल्या माणसाला हे शिक्षण वऱ्हाडानं दिलं, त्याचे उपकार आहेत.

संशय फिटल्यावर ड्रायव्हर ठाण्याच्या दारात थांबला आणि हवालदाराला म्हणाला, "घेतला न साहेबानं इंजनचा जबाब?"

हवालदारानं त्याच्यासाठी चहा मागवला.