शून्यावर न येणारा काटा

परवा जुनी कानस हातात घेतली, तर तिला अजून रॉकेलचा वास येत होता. त्या वासासरशी मी मिरजोळ्याच्या शेडमधल्या त्या दुपारी पोचले. स्वतः बांधायला घेतलेल्या विमानाचं मीटर बसवायचं पॅनल मी पत्र्यातून कापत होते. ॲल्युमिनियम करवतीच्या पात्याला चिकटू नये म्हणून रॉकेल लावायचं, भोक थोडं लहानच कापायचं आणि मग रेषेपर्यंत कानशीने घासत यायचं. पहिलं भोक मी उंची दाखवणाऱ्या मीटरसाठी पाडलं.

"आधी पंख तरी लाव गो," माझे काका दारातून म्हणाले. "उंची कसली मोजतेस? उडेल तेव्हा ना!"

मी मीटर बसवला. हा मीटर हवेच्या दाबावरून उंची सांगतो, म्हणून बंदरावर फोन करून तिथला, समुद्राच्या पातळीवरचा दाब विचारला आणि मीटरवर तो लावला. काटा शून्याच्या पुढे सरकला.

काका हसले. "जमिनीवर बसून उंची दाखवतोय. बिघडलेला आणलास."

"बिघडलेला नाही, काका. समुद्र खाली आहे. आपण सड्यावर, या उंच कातळावर आहोत."

तेव्हा मी ते चिडून बोलले होते. विमान अजून शेडमध्येच आहे. ‘उडालं का?’ असं कुणी विचारलं की मी त्याला आत नेऊन तो काटा दाखवते. तो शून्यावर यायला तयार नाही. मीही नाही.