न मागता दिलेलं पाणी

वागणूक बदलणं हा माझा धंदा. सकाळी खराडीत धावपटूंना शिकवते: पाय चुकला की शाबासकी रोखायची. आठवड्याभरात फरक दिसतो. तोच तोरा घेऊन मी दुपारी बिबवेवाडीत, एका न बोलणाऱ्या मुलीला खुणेनं मागायला शिकवण्यासाठी तिच्या घरी गेले. तिच्या आईवर चिडलेच. "तिनं बोट दाखवेपर्यंत पाणी द्यायचं नाही, हे महिनाभर सांगतेय. तुम्ही ऐकत का नाही?"

"अहो मॅडम, दारात आलेल्यालासुद्धा आपण न मागता पाणी देतो. मग पोटच्या पोरीला मागायला लावू?"

माझी नजर खाली गेली. आल्या आल्या त्या आईनं दिलेला पेला माझ्याच हातात होता, रिकामा.