दम घेऊ न देणारा कोच

दोन हजार सातच्या सुमारास, इंग्लंडमधल्या रीडिंग शहराजवळ, माझ्या मुलीच्या युनिव्हर्सिटीत अमेरिकन फुटबॉलची टीम होती. तिचा कोच इथेच जन्मलेला मराठी माणूस. या खेळात प्रत्येक चालीनंतर खेळाडू घोळका करून पुढचं ठरवतात. या कोचला ते मंजूर नव्हतं. लगेच पुढची चाल खेळायची, म्हणजे समोरच्यांना दम घ्यायला मिळत नाही. तो स्वतः चहा उभ्यानेच प्यायचा आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यातच तोडायचा. बॉल थांबेल तिथे मैदानाच्या कडेला खुणेचा खांब घेऊन धावणं, हे माझं रविवारचं काम. "काका, चला ना, बॉल वेट नाही करत!" तो मला ओरडून सांगायचा.

एका मॅचला आम्हाला जिंकायला फक्त चार यार्ड हवे होते. मला धाप लागली. लेस सुटल्याचं सोंग करून मी खाली बसलो. खांब जागेवर नाही म्हणून रेफरीने खेळ थांबवला, तेवढ्यात समोरचे सावरले आणि आम्ही हरलो.

आठवडाभर माझं मन मला खात होतं. शेवटी कोचला सगळं सांगितलं. माझं बोलणं संपेपर्यंत तो पहिल्यांदाच थांबला.

"मला माहीत आहे, काका," तो हसला. "तुमच्या बुटाला लेसच नाही आहे."

आणि खांब पुन्हा माझ्याच हातात दिला.