पडद्यावर आलेली कानबाई

चंचल माउसवरचा हात काढायला तयार नव्हती. माउस थांबला की समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फोटो फिरू लागणार आणि त्यात कालचे फोटो येणार, हे तिला सकाळीच कळून चुकलं होतं.

सुरतेच्या कापड बाजारात छगनभाईंच्या ऑफिसात ती नव्या साड्यांचे फोटो काढायची, तेही स्वतःच्या फोनने. तिथलं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या वैभवने सोय करून दिली होती. फोटो फोनमधून आपोआप कॉम्प्युटरवर यायचे आणि कॉम्प्युटर रिकामा बसला की पडद्यावर झळकायचे. चहा पिता पिता गिऱ्हाईक माल बघतं म्हणून शेठ खूश. घरचे फोटोही त्याच वाटेने जाणार, हा विचार ना वैभवने केला, ना हिने.

काल सुरतेतल्याच नवागामच्या तिच्या खोलीत कानबाई बसली होती. खानदेश सुटला तरी सासूबाईंनी, उषाबाईंनी, कानबाई सोडली नव्हती. श्रावणात नारळाला नथ-डोळे लावून देवी मांडायची, तिला कोरी साडी नेसवायची. साडी घरात आणलेलीही होती. पण शनिवारी फोटो काढताना डाळिंबी रंगाचा नवा नमुना हाती आला नि बाईचं चित्त ढळलं. लोकांना साडीचा मोह स्वतःसाठी होतो, हिला देवीसाठी झाला. नमुना बाहेर न्यायचा नाही, हा शेठचा कडक नियम. हिने तो पिशवीत घालून नेला आणि आज सकाळी तापीवर विसर्जन आटोपून घडी घालून डब्यात परत ठेवला.

फोनमधले फोटो तिने पुसले, पण कॉम्प्युटरमधले कसे पुसायचे ते तिला येईना. वैभव कडोदऱ्याला गेलेला, फोन उचलत नव्हता.

दुपारी इंदूरचे व्यापारी आले. शेठनी नेमकी तीच साडी उलगडली. "बाजार में किसी ने देखी नहीं, भाईसाब. पहली बार डिब्बे से निकल रही है."

चंचल माउस आणखी जोरात हलवू लागली.

"चंचल, अंदर से शेड कार्ड ले आ."

नाही कसं म्हणणार? ती धावली. रंगांच्या नमुन्यांचं ते कार्ड नेमकं गठ्ठ्यांखाली दबलेलं. ते ओढून काढेपर्यंत तिला घाम फुटला.

परत आली तेव्हा भिंतभर कानबाई होती. नाकात नथ, अंगावर डाळिंबी साडी, पुढे दिवे. व्यापाऱ्यांनी पडदा बघितला, हातातला पदर बघितला.

"शेठजी, आप तो कह रहे थे पहली बार निकली है."

शेठचा चेहरा उतरला, पण धंद्यात मुरलेला माणूस, लगेच सावरला. चंचलकडे रोखून बघत म्हणाले, "वो तो दूसरा माल है, पिछले साल का. है ना, चंचल?"

नुसती मान हलवायची होती. नोकरी वाचत होती, शेठची अब्रूही वाचत होती. मान हलवावी असं तिला मनापासून वाटलंही. पण पडद्यावर एकामागून एक कालचेच फोटो येत होते, आणि देवीच्या तोंडावर खोटं बोलायची तिला भीती वाटली.

"नही शेठ," ती म्हणाली, आणि ऑफिसात कधी न बोललेली अहिराणी तोंडातून निघून गेली. "हाई तीच साडी शे. आमनी कानबाईले मीच नेसाडी."

व्यापाऱ्यांनी पदर खाली ठेवला नि ते उठले. ते जिना उतरून गेल्यावर शेठनी साडीची घडी घालून ती डब्यात ठेवली.

"कल से मत आना."

चंचलने पिशवी उचलली. दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "वो साडी अब किसी को बेचना मत, शेठ. देवी की हो गई है."