नुसरत सिनेमा सांगते

बहारीनमध्ये, सनदच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नुसरत मुकादमला सगळे ओळखतात. पण ती काय काम करते हे नव्या माणसाला समजावून सांगताना दर वेळी थोडा वेळ जातो. ती सिनेमा सांगते. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. पडद्यावर जे घडतं, पण कुणी बोलून दाखवत नाही, ते सगळं ती दोन संवादांच्या मधल्या जागेत सांगते. हे काम तिच्याकडे कसं आलं ते मी शेजारीण म्हणून जवळून पाहिलंय. त्याचा मला इतका अभिमान आहे की आमचे हे, जयप्रकाश, म्हणतात, उल्का, तू तिची शेजारीण आहेस की एजंट?

नुसरत मूळची श्रीवर्धनजवळच्या एका गावची. कॉलेजात असताना नाट्यवाचनात तिचा हात कुणी धरायचा नाही. रेडिओवर निवेदिका व्हायचं तिच्या मनात होतं आणि आवाजाची चाचणीही ती पास झाली होती. तेवढ्यात अर्शदचं स्थळ आलं. अर्शद इथे मआमीरला एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये कामाला, माणूस शांत, घर ओळखीचं. लग्न झालं, ती बहारीनला आली, हिना झाली. हिना शाळेत जायला लागल्यावर नुसरतने एका नर्सरीत नोकरी धरली. तिथली मुलं गोष्टीच्या तासाला तिला सोडायची नाहीत. मग गावी सासूची नजर काचबिंदूने गेली. अर्शदने आईला इकडे आणलं आणि नुसरतने नर्सरी सोडली. तिला कुणी सोड म्हणालं नव्हतं. सोडू का, असं तिनेही कुणाला विचारलं नाही. आमच्या बायकांच्या जगात अशा गोष्टी न बोलताच ठरतात.

सासू म्हणजे आम्हा सगळ्यांच्या नसीमाखाला, नसीमामावशी. त्यांना सिनेमाचं भयंकर वेड. दिसेनासं झाल्यावर त्या टीव्हीसमोर बसायच्या आणि गाणं संपलं की विचारायच्या, आता काय चाललंय? नुसरत भाजी निवडता निवडता सांगायची. सुरुवातीला एवढंच, की तो आला, ती गेली. खालांचं तेवढ्याने भागायचं नाही. तो आला तर कसा आला? तोंड कसं होतं त्याचं? दारात थांबला की सरळ आत आला? उत्तर द्यायचं म्हणून नुसरतला नीट बघावं लागे. बघता बघता तिला सांगण्याची गोडी लागली. घरातल्या बोलीत, खालांच्याच शब्दांत ती सांगायची. एकदा मी पीठ द्यायला गेले आणि तशीच बसून राहिले. टीव्हीकडे पाठ करून. पडद्यापेक्षा तिच्या तोंडून तो सिनेमा जास्त दिसत होता.

हळूहळू आम्ही पाच-सहाजणी शुक्रवारी दुपारी जमू लागलो. नमाज, जेवणं आटोपली की कुणाच्या तरी घरी. दुसऱ्या मजल्यावरची शेवंती पालघरची, सलमानियाच्या हॉस्पिटलात नर्स. तिची शिफ्ट नसली की तीही यायची. डिसेंबरात हिनाच्या हट्टाने नाताळचे जुने इंग्रजी चित्रपट लागायचे. हिना आईला इंग्रजीतलं अडलेलं सांगे, आणि नुसरत आम्हाला आमच्या भाषेत अख्खा बर्फाळ गाव उभा करून दाखवी. त्या चित्रपटांत बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. कुणीतरी आपली मोठी इच्छा घरासाठी, गावासाठी बाजूला ठेवतं आणि शेवटी सगळे त्याच्याभोवती गोळा होऊन गातात. आम्ही रडायचो आणि चहा ठेवायचो.

अशाच एका शुक्रवारी मी नुसरतचं सांगणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि माझ्या मावसबहिणीला, कस्तुरीला, मुंबईला पाठवलं. कस्तुरी एका छोट्या स्टुडिओत आहे. अंधांसाठी चित्रपटांना वर्णनाचा आवाज जोडायचं काम त्यांच्याकडे होतं. तिचा त्याच संध्याकाळी फोन आला. ही बाई कोण, असं तिने दोनदा विचारलं. मराठीत असं काम करणारी माणसं तिला मिळत नव्हती. मुंबईला येऊन काही आठवडे शिकायचं, मग बहारीनमध्ये घरी बसूनही करता येईल, असं तिचं म्हणणं होतं.

मी धावत नुसरतकडे गेले. तिचा चेहरा आधी उजळला, मग तिने हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. अम्मांच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात, त्यांना बाथरूमपर्यंत न्यायचं असतं, हिनाच्या परीक्षा आहेत, अर्शदची ड्यूटी लांब. नाही जमायचं वहिनी, म्हणाली, आणि घरात कुणाला सांगू नका, अशी मला शपथ घातली. मी गप्प राहिले. कस्तुरीला ती स्वतःच फोन करून नको म्हणाली. तो फोन आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या हिनाने ऐकला, हे तिला माहीत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी माझ्या घरी चित्रपट लागला. डोंगरातल्या एका गावात पोस्टमास्तरची मुलगी. तिला शहरातल्या मोठ्या संगीतशाळेत प्रवेश मिळतो. नाताळच्या आदल्या दिवशी गाडी. बाप आजारी. ती स्टेशनपर्यंत जाते, गाडी येते, दार उघडतं, आणि ती ट्रंक उचलून परत फिरते. नुसरत सांगत होती, तिचा आवाज त्या दिवशी फार खाली गेला होता. शेवटी अख्खा गाव मेणबत्त्या घेऊन त्या मुलीच्या दारात येतो आणि तिच्यासाठी गातो. शेवंती डोळे पुसत होती. मीही.

खाला मात्र कोरड्या होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "सगला गाव आला?"

"सगला गाव, अम्मा."

"मेनबत्त्या घेऊन?"

नुसरत हो म्हणाली.

"मग त्यातल्या एकानं तरी सांगितलान काय, की तुज्या बापाला आमी बगतो, तू जा? एवडा मोठा गाव. गायला आला, आनि बापाला पेज द्यायला कोन नाय?"

इतकी वर्षं आम्ही हे चित्रपट पाहत होतो, हे आमच्या मनात आलं नव्हतं. मग खाला स्वतःबद्दल बोलल्या, त्या सहसा बोलत नसत. त्यांचे मालक तरुणपणी इकडेच कामाला होते. खाला गावी, सासू-सासरे, दीर, मुलं. त्यांना शिवण छान यायचं. मुंबईला भावाकडे राहून शिवणाचा क्लास काढायचा, असं त्यांच्या मनात होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गावात सगळे त्यांना सबरवाली म्हणायचे, धीराची बाई. लग्नकार्यात पुढे बसवायचे. तीच माझी मेणबत्ती, असं म्हणून त्या हसल्या.

तेव्हा हिना बोलली. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर इंग्रजीत येतं. "मम्मी ऑल्सो सेड नो," ती म्हणाली. "मुंबईला. फोनवर."

नुसरतने तिच्याकडे असं पाहिलं की पोर खाली बघायला लागली. पण शब्द बाहेर पडला होता. खालांनी मला विचारलं, आणि विचारल्यावर शपथ मोडावीच लागली. मी सगळं सांगितलं. खालांनी हात पुढे करून नुसरतला जवळ बसवलं.

"तुजी मर्जी हाय काय जायाची? तेवडाच सांग. बाकीचा नको."

नुसरतने त्यांचा हात धरला. "हाय," ती म्हणाली. "पन तुमाला कोन बगंल, अम्मा?"

"मी काय त्या पिच्चरमधला बापूस हाय, खाटल्यावर पडून कन्हत रव्हायला? मना डोले नाय. हातपाय हायत, तोंड हाय. आनि हा सगला गाव बसलाय ना हितं."

हा सगळा गाव म्हणजे आम्ही. शेवंती लगेच म्हणाली, ड्यूटीवरून येता-जाता थेंब मी घालीन. दुपारचं जेवण माझ्याकडे, हे मी सांगायच्या आधीच खालांनी ठरवून टाकलं. त्या म्हणाल्या, उल्काची आमटी गोड असते, पण चालवून घेईन.

अर्शदला संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं, आता हा मोडता घालणार. तो बायकोला म्हणाला, अम्मा माझी आई आहे, आणि तिला तू सांभाळायचं हे आपण कधी ठरवलं तेच मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सुपरवायझरला सांगून ड्यूटी बदलून घेतली. त्याला भात लावता येत नव्हता. तो शिकला, थोडा करपवत, पण शिकला.

नुसरत जानेवारीत मुंबईला गेली. तिथलं शिकणं सोपं नव्हतं. कस्तुरी कामाला कडक. इथे आम्हाला आवडणारं नुसरतचं अर्धं सांगणं तिने कापून टाकलं. बाई दुःखी झाली असं सांगायचं नाही, तिने खिडकीला कपाळ टेकलं एवढंच सांगायचं, दुःख ऐकणाऱ्याला आपलं आपण होऊ दे. कुठे गप्प बसायचं, ते शिकायला तर नुसरतला सगळ्यात जास्त त्रास झाला. फोनवर मला म्हणायची, वहिनी, बोलता येतं म्हणून मी आले आणि इथे मला मुकं राहायला शिकवतायत.

आणि मग जे व्हायला नको ते झालं. खाला बाथरूममध्ये घसरल्या. मनगट मोडलं. शेवंती आणि मी त्यांना सलमानियाला घेऊन गेलो, अर्शद मआमीरहून थेट तिकडे आला. त्याचं आणि माझं एकच मत पडलं, की नुसरतला आत्ता कळवायचं नाही. शिकणं संपायला थोडेच दिवस उरले होते. खालांनी ते ऐकलं आणि आम्हा दोघांना गप्प केलं. लपवलं तर ती उद्या येऊन जन्मभर रडेल आणि पुन्हा कधी घराबाहेर पाऊल टाकणार नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्याच फोनवरून त्यांनी नुसरतला फोन लावून द्यायला सांगितलं आणि स्वतः बोलल्या.

नुसरत तिकडे रडत होती, ते मला लांबूनही ऐकू येत होतं. उद्याचं विमान बघते, म्हणत होती.

"प्लास्टर झाला, खलास," खाला म्हणाल्या. "तू येऊन काय हाड चिकटवनार? तुजा काम पुरा कर. अर्धा टाकून आलीस, तर मी तुज्याशी बोलनार नाय."

ती रात्र नुसरतने कशी काढली ते तिलाच ठाऊक. पण सकाळी ती स्टुडिओत होती. कस्तुरीने मला नंतर सांगितलं, त्या दिवशी तिने माइकसमोर एक शब्द जास्त घेतला नाही आणि एक कमी नाही. मला विचाराल तर नुसरतची खरी हिंमत तिकडे जाण्यात नव्हती, त्या सकाळी तिथे थांबण्यात होती. परत येणं तिला फार सोपं होतं. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं असतं.

ती आली तेव्हा खालांचा हात गळ्यात होता आणि हिना आजीला चमच्याने खिमट भरवत होती, मराठीत बोलत. आजीने तशी अटच घातली होती, इंग्रजीत भरवलेलं मी गिळणार नाही.

आता नुसरतच्या घरी कपड्यांचं कपाट रिकामं झालंय. आतून गोधड्या लावल्यात, आणि त्यात बसून ती रेकॉर्डिंग करते. ती आत असली की आम्ही मिक्सर लावत नाही. आधी तिने मुलांचा एक मराठी चित्रपट केला, मग आणखी काही. गेल्या डिसेंबरात कस्तुरीने एक नाताळचा जुना चित्रपट मराठी वर्णनासकट तयार करून घेतला, आणि मनामातल्या एका हॉलमध्ये इथल्या मराठी लोकांनी तो लावला. दिसत नाही असे सात-आठजण आले होते, काही इथले, काही पाहुणे आलेले आईवडील. बाकी आम्ही डोळस, पण वर्णन ऐकायला हेडफोन सगळ्यांनाच दिले होते. पुष्कळांनी डोळ्यांवर रुमाल बांधून ऐकला. नुसरत मागे उभी होती, अर्शदच्या शेजारी.

खाला पुढच्या रांगेत, हेडफोन लावून, पाठ ताठ. चित्रपटात काय होतं ते इथे सांगत नाही, इच्छा आणि घर यांचीच ओढाताण होती. मी खालांकडेच बघत होते. कुठे त्या हसल्या, कुठे भुवया चढल्या. संपल्यावर संगीत वाजायला लागलं, लोक उठायला लागले. तेव्हा हेडफोनमध्ये तोच आवाज शांतपणे म्हणाला, वर्णन आणि आवाज, नुसरत मुकादम.

खाला बसून राहिल्या. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही दिसत नव्हतं. त्यांच्या मुलीने त्यांना उठवायला हात दिला, तर खालांनी त्यांची बाही धरली.

"आयकलास ना नाव?" त्या म्हणाल्या. "ती माजी सून."

बाई म्हणाल्या, ऐकलं. नशीबवान आहात, घरात असा आवाज आहे.

"घरात व्हता," खाला म्हणाल्या, "आता तुमच्या कानात आला. मना तेच पायजे व्हतं."