सोरखाबाईंच्या नावावरची ताकीद

सोरखाबाई तशा मवाळ. मुलींनी पाव जाळावा, उशीची पिसं उडवावीत, ओले मोजे चुलीवर वाळत घालावेत, बाई हूं की चूं करायच्या नाहीत. पण त्यांच्या घरात कुणी इंग्रजी शब्द काढला की हातातला चमचा तिथेच थांबायचा आणि त्या अशा बघायच्या की पोरीला घास गिळवायचा नाही.

आयरिश बोलणाऱ्या कॉनमाऱ्यातल्या त्या गावात उन्हाळा आला की घरोघरी गाद्या कुंपणाच्या दगडी भिंतींवर उन्हात पडायच्या. डब्लिन, कार्लो, वॉटरफर्ड अशा इंग्रजी बोलणाऱ्या मुलखातल्या माध्यमिक शाळांच्या मुली आयरिश सुधारायला यायच्या. सकाळी वर्ग, संध्याकाळी नाच, आणि जेवणखाण, झोप, रागलोभ सगळं घरधनिणीच्या हवाली. नियम एकच, पण कडक. इंग्रजी बोललं की ताकीद. तिसरी ताकीद म्हणजे सामान बांधा आणि बस धरा. नोंद ठेवायला प्रत्येक घरात शाळा संपवलेली एक ताई असायची. सोरखाबाईंकडे त्या वर्षी आयलिश नावाची होती, आणि ती भलतीच काटेकोर होती.

सोरखाबाईंना या मुलींचा त्रास व्हायचा का? व्हायचा की. पण कोलीन, त्यांचा नवरा, वारला होता, मुलगा बॉस्टनला, मुलगी पर्थला. नातवंडं फोनवर इंग्रजीत दोन शब्द बोलायची आणि पळायची. हिवाळाभर घरात आयरिश ऐकायला फक्त कोंबड्या. मग उन्हाळ्यात डझनभर पोरी त्याच टेबलाशी बसून मोडकीतोडकी का होईना, कोलीनची भाषा बोलायच्या. बाईंना त्यांचे उपकार वाटायचे. तोंडावर मात्र त्या एवढंच म्हणायच्या, "बटाटे संपवा गं, कोंबड्यांना घालायला नाही उकडलेत."

त्या वर्षी आलेल्यांत कार्लोची लीअडन होती. तिला प्राथमिक शाळेत शिकवायचं होतं, लहानपणापासून दुसरं काही मनातच नव्हतं. त्यासाठी शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये चांगले गुण हवेत, आणि तोंडी परीक्षेत बोलता यायला हवं. लिहायची ती झकास. बोलायचं म्हटलं की पहिल्याच शब्दाला अडायची.

पहिल्याच दिवशी गल्लीत गाय आडवी आली आणि लीअडन इंग्रजीत किंचाळली. एक ताकीद. दुसऱ्या सकाळी नळाचं पाणी एकदम गार झालं आणि न्हाणीघरातून जे इंग्रजी बाहेर आलं ते गायीपेक्षा वाईट होतं. दुसरी ताकीद.

त्यानंतर पोरीनं तोंडाला कुलूप लावलं. मीठ हवं तर बोट दाखवायची. सकाळच्या नमस्काराला नुसती मान. एकदा फिनुला, डब्लिनची ती भोंग्यासारखी पोरगी, म्हणालीही, "सोरखाबाई, हिला आयरिश शिकवायचं की खाणाखुणा?" सगळ्या हसल्या. लीअडनही हसली, पण बाईंना ते हसू आवडलं नाही.

कारण ते त्यांच्या ओळखीचं होतं. त्या स्वतः तेरा वर्षांच्या असताना गॉलवेच्या मठातल्या शाळेत राहायला गेल्या होत्या. इंग्रजी धड येत नव्हतं. शहरातल्या मुली त्यांचं बोलणं पुन्हापुन्हा म्हणून दाखवायच्या, आणि सोरखा असंच हसायची. भूगोलाच्या तासाला मुकी, गणिताला मुकी. फक्त आयरिशच्या तासाला सिस्टर त्यांना उभं करून वाचायला लावायच्या, आणि त्याच शहरातल्या पोरी मधल्या सुट्टीत गृहपाठ विचारायला यायच्या. तो एक तास नसता तर आपण पहिल्याच नाताळाला घर गाठलं असतं, असं त्या नेहमी म्हणत. त्या सिस्टरना त्या अजून दुवा देत.

म्हणून लीअडनशी त्या मुद्दाम बोलत राहायच्या. कोंबड्यांविषयी, हवेविषयी, पाय दुखण्याविषयी. पोरगी ऐकायची. आत किती जातंय, कळायला मार्ग नव्हता.

अखेरच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी बाईंनी बटाट्याच्या चिप्स तळायला चरबी तापत ठेवली आणि वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात गेल्या. फाटकाशी शेजारीण उभी. दोन शब्द म्हणता म्हणता शेजारणीच्या सुनेपर्यंत गोष्ट गेली, आणि मग नाकाला वास आला. बाई धावल्या.

पातेलं पेटलं होतं. ज्वाळा वरच्या कपाटापर्यंत. टेबल मांडायची पाळी लीअडनची, ती पाण्याचा भरलेला जग उचलून पातेल्यावर ओतायच्या बेतात होती. पेटलेल्या चरबीवर पाणी! भडका थेट पोरीच्या तोंडावर उडाला असता.

"नो वॉटर!" त्या दारातूनच इंग्रजीत ओरडल्या. "पुट इट डाउन!"

लीअडननं जग खाली ठेवला. बाईंनी गॅस बंद केला, मोठं झाकण पातेल्यावर सरकवलं, आणि आग गुदमरून विझली. छताला एक काळा डाग पडला, बाकी काही नाही. बाईंनी पोरीचे हात उलटसुलट पाहिले, एक फोड नव्हता. जीव भांड्यात पडला. मग वर पाहिलं तर दारात सगळ्या मुली, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आगीपेक्षा मोठं काहीतरी घडल्याचा भाव.

"बाई इंग्रजी बोलल्या," कुणीतरी हळूच म्हणालं.

त्या रात्री उकडलेली अंडी आणि पाव. टेबलाशी फिनुलानं उशीचा अभ्रा डोक्यावर घेतला आणि न्यायाधीश झाली. "आरोपी सोरखा, उभ्या राहा! या घरात एवढे उन्हाळे इंग्रजीला बंदी, आणि तुम्हीच? घरी पाठवू का तुम्हाला?"

हसून हसून मुलींची पुरेवाट झाली. बाईही हसत उभ्या राहिल्या, पण आतून त्यांना लाज वाटत होती. नियम मोडल्याची नाही. अगदी जिवावर बेतलं तेव्हा ही पोर आपली भाषा समजणार नाही असं आपण धरून चाललो, याची.

"आरोपीच्या बाजूनं कुणी बोलणार?" फिनुलानं विचारलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लीअडन उभी होती. कान लाल, हात टेबलाला घट्ट धरलेले.

"मी बोलतो," ती म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. "सोरखाबाईचा चूक नाही. पातेला जळत होता. मी घाबरली. मी पाणी घेतली. बाई माझ्यासाठी ओरडला." तिनं श्वास घेतला आणि बाईंकडे वळली. "पण बाई, आयरिशमध्ये ओरडा. मला समजते. तुम्ही कोंबडी सांगता, पाय सांगता, मला सगळे समजते. तुम्ही 'नो वॉटर' म्हणाला, ते..."

तिनं तोंडावर हात ठेवला. इंग्रजी शब्द निघाले होते, आणि ही तिसरी ताकीद. आयलिशताईनं नाइलाजानं पेन्सिल उचलली. नियम म्हणजे नियम.

"थांब," सोरखाबाई म्हणाल्या. "ते शब्द माझे आहेत."

"पण बाई, बोलली ती."

"मी सांडले, तिनं उचलले. माझ्या घरात मी काही सांडलं तर उचलणारीला शिक्षा होते का गं? माझ्या नावावर लिही."

आयलिशनं एकदा बाईंकडे आणि एकदा काळ्या डागाकडे पाहिलं. "सकाळी पॅडरमास्तरांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि पेन्सिल कानामागे खोवली.

सकाळी बाई नवा स्कार्फ बांधून शाळेत गेल्या. मुख्याध्यापक पॅडरमास्तर चहा पीत होते. बाईंनी आगीपासून सगळं सांगितलं. "घरात इंग्रजी झालं, मास्तर. ते माझं. पोरीला पाठवायचं नाही. पाठवायचंच तर मला घरी पाठवा."

मास्तरांनी कप खाली ठेवला. "तुम्ही घरीच आहात, सोरखाबाई. आता तुम्हाला कुठं पाठवू?"

"मग पोरीचं काय?"

"काय व्हायचंय? पण तुम्हाला मात्र पहिली ताकीद. आणि चिप्स करताना शेजारणीशी गप्पा बंद."

बाई परत येताना रडल्या, आणि रडल्याचं कुणाला सांगितलं नाही. घरी लीअडन अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि चुकीच्या व्याकरणात त्यांना दटावत होती. उरलेल्या दिवसांत पोरगी एवढी बोलली की फिनुलानंच शेवटी खाणाखुणा सुरू केल्या.

पुढच्या एप्रिलात तोंडी परीक्षेत लीअडननं पातेल्याची गोष्ट सांगितली. परीक्षक म्हणे वेळ संपल्यावरही विचारत राहिले, त्या बाई अजून चिप्स करतात का. ऑगस्टात निकाल लागायचा होता. त्याआधीच, जुलैत, बसमधून नव्या मुलींबरोबर ती उतरली. आता ताकिदी नोंदणारी ताई म्हणून.

पहिल्या जेवणाला तिनं उभं राहून नियम सांगितले. "इंग्रजी बोललं की ताकीद. तिसरीला बस. आणि या घरात एकीच्या नावावर आधीच एक आहे."

नव्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. चुलीशी उभ्या सोरखाबाईंनी झारा वर केला. "माझ्या गं."

हशा ओसरल्यावर बाई लीअडनजवळ आल्या. "तू आलीस, फार बरं केलंस," त्या म्हणाल्या. एवढे उन्हाळे मनात राहिलेलं त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं. "तुम्ही सगळ्या येता म्हणून हे घर बोलतं, पोरी. तुमचे उपकार आहेत माझ्यावर." मग डोळे पुसत म्हणाल्या, "अजून दोन ताकिदी शिल्लक आहेत माझ्या. म्हातारपणाला पुरतील."

"लागणारच नाहीत," लीअडन म्हणाली. "तुम्ही तुमच्या भाषेत ओरडा, बाई. मला समजतं."