गाडी उशिरा आल्याची चिठ्ठी

बी.ए. झाल्यावर ठाण्याच्या एका कचेरीत मला तात्पुरती नोकरी मिळाली. ती कायम होणं हेडक्लार्कांच्या शेऱ्यावर होतं. टिटवाळ्याहून येणारी माझी पॅसेंजर कल्याणच्या अलीकडे वरचेवर अडकायची, म्हणून मी स्टेशनमास्तरांकडून उशिराची चिठ्ठी आणायचो. हेडक्लार्क ती उजेडाला धरून म्हणायचे, "सही खरी वाटते. म्हणूनच शंका येते."

एकदा ते गणपतीला म्हणून टिटवाळ्याला मुक्कामी आले आणि सकाळी गाडीत घड्याळ काढून माझ्यासमोरच्या लाकडी बाकावर बसले. गाडी तासभर अडकली. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"काय हो, गार्ड तुमच्या ओळखीचा आहे का?" त्यांनी विचारलं.

शेरा मात्र त्यांनी चांगला दिला. ते उपकार मी विसरलो नाही.